पिशवीभर बिलं आणि बी.कॉम.चं अकाउंटिंग

वाळपईच्या एका मुलीने विचारलंय: बारावी कॉमर्सला ७१ टक्के पडले, साखळीच्या सरकारी कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि पहिल्याच सेमिस्टरला अकाउंटिंगमध्ये जेमतेम पास झाले. डेबिट-क्रेडिटचे नियम तोंडपाठ आहेत, पण ताळेबंद जुळत नाही. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, इंग्रजी पुस्तकातली वाक्यं अजून नीट उलगडत नाहीत. बाबांचं भुसारी दुकान आहे. त्यांची बिलं वर्षातून एकदा पिशवीत भरून सल्लागाराकडे जातात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावू का? सीए झेपेल का? की विषयच बदलू?

विषय बदलू नकोस. ती बिलांची पिशवी तू जाताजाता सांगितलीस, पण तीच तुझी सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

मी डिचोलीची. माझंही प्राथमिक शिक्षण मराठीत झालं. बी.कॉम. गोव्यात केलं, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) पुण्यात, आणि गेली २२ वर्षं म्हापशात सीए म्हणून प्रॅक्टिस करते आहे. बी.कॉम. झालेली मुलं माझ्याकडे कामाला येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी एकच करते. एखाद्या छोट्या दुकानाची महिन्याभराची बिलं टेबलावर ओतते आणि म्हणते, याचा हिशेब लिही. ८० टक्के मिळवलेली मुलंसुद्धा तासभर त्या कागदांकडे बघत बसतात. त्यांचा दोष नाही. तीन वर्षं त्यांना तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी (ट्रायल बॅलन्स), तयार मिळालेली असते. पुस्तकातलं गणित ‘खालील तेरजेवरून ताळेबंद तयार करा’ इथून सुरू होतं, आणि खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. हा कागद कसला आहे, कोणी दिला, तारीख कोणती, यात दुकानाकडे काय आलं आणि दुकानातून काय गेलं? हे ज्याला वाचता येतं त्याला पुढची कोष्टकं जड जात नाहीत.

तेव्हा एक दोनशे पानी वही आण. बाबांकडून कुठल्याही एका महिन्याची बिलं, बँकेचं पासबुक आणि उधारीची वही माग. तारखेप्रमाणे लाव. प्रत्येक कागदाची नोंद आधी रोजकीर्दीत (जर्नल) कर, मग खतावणीत (लेजर) चढव, महिन्याच्या शेवटी तेरीज काढ. मोबाइल नको, टॅली नको, हाताने लिही. पहिला महिना लिहायला तुला तीन आठवडे लागतील. दुसरा आठवड्यात होईल.

आणि पहिल्याच पानावर तू अडखळशील. समजा, १० जूनला बाबांनी गल्ल्यातून ५,००० रुपये काढून तुझी फी भरली. बहुतेक मुलं लिहितात, ‘शिक्षणखर्च नावे (डेबिट), रोख जमा (क्रेडिट)’. हे चूक. दुकान वेगळं आणि बाबा वेगळे. दुकानाच्या वहीपुरते बाबा म्हणजे भांडवल घालणारा एक माणूस. त्याने आपल्या घरासाठी पैसे नेले. म्हणून ‘उचल नावे, रोख जमा’. तुझ्या फीमुळे दुकानाचा नफा एका रुपयानेही कमी होत नाही, कमी होतं ते बाबांचं भांडवल. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दुकानातलाच गूळ, रवा, तेल, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या सजावटीचं) सामान घरी आलं, तर रोख हललीच नाही, तरी नोंद आहेच: उचल नावे, खरेदी जमा, आणि तीही खरेदीच्या किमतीला, विक्रीच्या नव्हे. दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल आणि त्या मालावर करवजावट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेली असेल तर तेवढी वजावट परतही करावी लागते. व्यवसाय आणि मालक निराळे मानायचे, हे तत्त्व पुस्तकात दोन ओळींत येतं आणि मुलं ते पाठ करून सोडून देतात. तुझ्या घरी ते दर चवथीला घडतं.

आता नावे-जमेचा गोंधळ. तीन सोनेरी नियम पाठ आहेत म्हणतेस, ते असू देत. गोंधळ नियमांत नसतो, पासबुकात असतो. पैसे भरले की पासबुकात क्रेडिट येतं, म्हणून क्रेडिट म्हणजे पैसे येणं, अशी समजूत आपल्या डोक्यात लहानपणापासून घट्ट बसलेली असते. पण पासबुक ही बँकेची वही आहे, तुझी नव्हे. तू १,००० रुपये भरलेस की बँक तुझं तेवढं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत तुझं खातं जमा. तुझ्या वहीत मात्र ते पैसे बँकेकडून येणं आहेत, म्हणून बँकेचं खातं नावे. एकच व्यवहार, दोन वह्या, दोन बाजू. हे एकदा लख्ख दिसलं की बँक जुळवणी पत्रक आपोआप सुटतं.

बाबांच्याच आकड्यांसारखं एक उदाहरण घेऊ. ३० जूनला तुझ्या वहीप्रमाणे बँकेत ३८,४५० रुपये आहेत आणि पासबुकात ५५,३१४. घाबरायचं नाही. शोध. घाऊक व्यापाऱ्याला दिलेला १२,६०० चा चेक त्याने अजून वटवलाच नाही. तुझ्या वहीतून गेला, बँकेतून गेला नाही. एका कॅन्टीनवाल्याने उधारीचे ४,५०० परस्पर खात्यात टाकले. बँकेला कळलं, तुला कळलं नाही. आणि बँकेने २३६ रुपये शुल्क कापलं. ३८,४५० अधिक १२,६०० अधिक ४,५०० वजा २३६, बरोबर ५५,३१४. मग तो २३६ चा आकडा असा विचित्र का, हेही विचार. २०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६. अशा प्रत्येक विचित्र आकड्यामागे एक कारण असतं आणि ते शोधायची सवय लागली की परीक्षेतल्या आकड्यांची भीती जाते. यातल्या कोणत्या दोन नोंदी आता तुझ्या वहीत घालायच्या आणि कोणती घालायची नाही, ते मी सांगत नाही. तू ठरव.

तेरीज जुळत नसेल तेव्हा सगळं खोडून पुन्हा सुरू करू नकोस. परीक्षेत मुलांचा वेळ त्यातच जातो. फरकाची रक्कम बाजूला लिही. तिचा निम्मा कर आणि त्या निम्म्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला गेली आहे का बघ. फरकाला ९ ने भाग जात असेल तर बहुधा अंकांची अदलाबदल झाली आहे, ५४० चे ४५० लिहिले गेलेत. दोन्हींत सापडलं नाही तर एखादी शिल्लक तेरजेत आणायचीच राहिली. माझ्या कार्यालयात आजही आम्ही फरक असाच शोधतो. सापडलाच नाही तर परीक्षेत फरक तसाच दाखव आणि पुढं जा. टप्प्यांचे मार्क मिळतात, कोऱ्या पानाचे नाहीत.

इंग्रजीचं म्हणशील, तर तुला अडवणारे शब्द जेमतेम शे-दीडशे असतील. त्यांची वेगळी वही कर, पण शब्दकोशातला अर्थ लिहू नकोस, दुकानातला लिही. आउटस्टँडिंग रेंट: मार्चचं भाडं द्यायचं राहिलं. प्रीपेड इन्शुरन्स: पुढच्या वर्षाचा विमा आत्ताच भरून ठेवला. ॲक्रूड इंटरेस्ट: व्याज आपलं झालं, हातात आलं नाही. सन्ड्री डेटर्स: उधारीच्या वहीतली सगळी नावं. कॅरेज इनवर्ड म्हणजे माल दुकानात आणायची हमाली-भाडं, ते व्यापार खात्यात. कॅरेज आउटवर्ड म्हणजे गिऱ्हाइकाकडे पोचवायचं भाडं, ते नफा-तोटा खात्यात. गणित सोडवण्याआधी प्रत्येक वाक्य मनात मराठीत म्हण. मी सीएच्या फायनलपर्यंत तसंच करत होते आणि मला त्याचा कधी तोटा झाला नाही. उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचा सराव वेगळा लागतो. खास करून ऑडिट आणि कायद्याच्या पेपरांना. रोज एक उत्तर, दहा ओळींचं, बघून नव्हे. वर्षभर केलंस तर फरक दिसेल.

गोव्यात हा विषय शिकण्याचा एक मोठा फायदा आहे, तो इथल्या मुलांना कुणी सांगत नाही. पुस्तकातल्या सगळ्या कठीण संकल्पना इथं रस्त्यावर उभ्या आहेत. किनाऱ्यावरचा शॅक, म्हणजे बांबू-झावळ्यांचं तात्पुरतं हॉटेल घे. साधारण ऑक्टोबरात उभा राहतो, मेअखेर उतरवतात. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. समजा, आठ महिन्यांच्या मोसमासाठी ८०,००० रुपये परवाना शुल्क ऑक्टोबरात भरलं. या वर्षाचा खर्च किती? ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांचे ६०,०००. उरलेले २०,००० एप्रिल-मेचे, ते ताळेबंदात आगाऊ खर्च म्हणून मालमत्तेच्या बाजूला. बांबू, झावळ्या, मजुरी एका मोसमापुरती, म्हणून तो महसुली खर्च. तोही याच हिशेबाने दोन वर्षांत वाटायचा. पण त्याच शॅकमधला डीप फ्रीझर पाच-सात वर्षं चालणार, म्हणून ती मालमत्ता आणि त्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी थोडी थोडी धरायची घट. भांडवली आणि महसुली खर्चातला फरक मला यापेक्षा चांगला समजावता आला नसता.

शॅकमध्ये जेवायला बसलेल्या माणसाचं बिलही बघ. माशाच्या थाळीवर जीएसटी, आणि सोबतच्या बिअरवर किंवा फेणीवर जीएसटी नाही, कारण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट. एकाच टेबलाची विक्री दोन कायद्यांत विभागून लिहावी लागते. बाहेरगावाहून आलेला अकाउंटंट इथं चुकतो. तू चुकणार नाहीस, जर आत्तापासून बिलं वाचायची सवय लावलीस.

आणि एक गोष्ट तर इतर राज्यांतल्या वर्गात सहसा निघतच नाही. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा. त्यातली पती-पत्नींची सामाईक मालमत्ता आपल्याकडे आजही चालते आणि आयकर कायद्याने ती मानली आहे. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम होतं, ५अ. ज्यांना ही पद्धत लागू आहे अशा नवरा-बायकोचं पगाराखेरीज इतर सगळं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरायचं. पगार ज्याचा त्याचा. म्हणजे बाबांच्या दुकानाचा नफा समजा ६ लाख असेल, तर करापुरते ३ लाख बाबांचे आणि ३ लाख आईचे, आई दुकानात पाय ठेवो न ठेवो.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. पुण्याहून परतले त्या पहिल्या मोसमात एका शिक्षकांचं रिटर्न भरलं. पगार होता आणि दोन खोल्यांचं भाडं येत होतं. मी भाडं अख्खं त्यांच्याच नावावर दाखवलं, कारण तीन वर्षं मी तसंच करत आले होते. महिन्याभराने ते स्वतःच आले आणि शांतपणे म्हणाले, ‘आमच्याकडे भाडं अर्धं हिच्या नावावर धरतात ना?’ मी जन्माने गोंयकार, घरात आईवडिलांची रिटर्नं बघितलेली, तरी मला सुचलं नव्हतं. दोघांचीही कागदपत्रं नव्याने करून सुधारित रिटर्न भरलं, फी घेतली नाही. त्या दिवसापासून नवीन पक्षकाराला मी पहिला प्रश्न विचारते तो लग्नाचा: कुठं झालं, कोणत्या पद्धतीने नोंदलं. आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलले. म्हणून तुला सांगते, आकडा परीक्षेपुरता लक्षात ठेव, तरतूद कशासाठी आहे ते कायमचं.

टॅली. शिकायचीच आहे, पण दुसऱ्या वर्षाला. वर्षभराच्या नोंदी हाताने लिहून झाल्यावर ती तुला महिन्या-दीड महिन्यात येईल. आधी शिकलीस तर एक धोका आहे: टॅलीत चुकीची नोंदही जुळते. फ्रीझर मालाच्या खरेदीत टाकला तरी दोन्ही बाजू सारख्याच येतात, ताळेबंद छान दिसतो आणि नफा खोटा असतो. सॉफ्टवेअर बेरीज सांभाळतं, खातं कोणतं ते तुलाच ठरवावं लागतं. आणखी एक, कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे. कोणी, कधी, काय बदललं ते मागे दिसतं. खोडरबरने पुसल्यासारखं आता करता येत नाही, तेव्हा पहिल्यांदाच विचार करून लिहिणारी माणसं हवी असतात.

सीएबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर सोडून दे. आत्ता लगेच फाउंडेशनच्या, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेच्या मागे लागू नकोस. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के, त्यातल्या दोन वस्तुनिष्ठ पेपरांना चुकीच्या उत्तराचे मार्क कापले जातात. ज्याचा पाया पक्का आहे त्याने बारावीनंतर जरूर द्यावी. तुझा पाया अजून ओला आहे. तुझ्यासाठी दुसरा रस्ता आहे: बी.कॉम. किमान ५५ टक्क्यांनी पूर्ण कर, मग फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला, म्हणजे त्यापुढच्या परीक्षेला नोंदणी करता येते. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर दोन वर्षं आर्टिकलशिप. आमच्या वेळी तीन होती, २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन झाली. त्यामुळे हे ५५ टक्के डोक्यात ठेवून पहिल्या सेमिस्टरपासून मार्क सांभाळ. अकाउंटिंगचे सांभाळशील, इंग्रजी नि इतर विषयांत घसरशील आणि ५४ वर अडकशील, असं होऊ देऊ नकोस. मी अशी मुलं पाहिली आहेत.

गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना आली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऑनर्सचं. सीएकडे जायचं असेल तर तीन पुरेत. प्राध्यापकी किंवा संशोधनाकडे ओढा असेल तर चौथ्याचा विचार कर. या रचनेत इंटर्नशिपलाही क्रेडिट आहेत. ती सहीपुरती उरकू नकोस. वाळपई-साखळीच्या आसपास एखादी पतसंस्था किंवा दूध सोसायटी बघ. जिथं रोज खरी पावती फाटते तिथं बस.

आणि सीए नाही झालीस तर? वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना, हॉटेलांना, सहकारी बँकांना हिशेब कळणारी माणसं लागतात. हॉटेलात रात्रीच्या पाळीला दिवसभराची विक्री जुळवणारा नाइट ऑडिटर हे काम तर अनेकांची पहिली नोकरी असतं. सरकारी लेखा संचालनालयात अकाउंटंटची पदं निघतात. पणजीच्या ज्या फाझेंद इमारतीत ते आहे, तिथं बी.कॉम. करून गेलेले माझे दोन वर्गमित्र आज चांगल्या हुद्द्यावर आहेत.

पुढच्या वेळी बाबा पिशवी घेऊन सल्लागाराकडे जातील तेव्हा, बाय, तूही जा, आणि तुझी वही ने. त्यांनी दाखवलेला नफा आणि तुझ्या वहीतला नफा यांत फरक येणार हे आत्ताच सांगते. कदाचित वर्षअखेरचा शिल्लक माल तू मोजलेला नसशील, किंवा फ्रीजचा घसारा धरला नसशील. कदाचित त्यांनी लहान व्यावसायिकांसाठीची अंदाजित नफ्याची सोय वापरली असेल, रोख उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, म्हणजे तुझा खरा नफा त्यात कुठं दिसणारच नाही. कोणतं कारण आहे ते त्यांनाच विचार, आणि सांगतील ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घे.